चाकातला च

नाशिकच्या मुलीला रशियन कशाला शिकायचंय, असं ऑफिसातले सहकारी मला विचारतात. उत्तर शहरापासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे. ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, तो सोव्हिएत मिग-२१ विमानं बनवण्यासाठी. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी होती. पुढे मिग-२७ आलं, मग सुखोई-३०. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, पण त्याच्यासोबत आलेले शब्द काही घरांत राहिले. त्यातलं एक घर आमचं.

बाबा तिथे १९८४ साली फिटर म्हणून लागले आणि २०२२ मध्ये निवृत्त झाले. रशियन त्यांनी पुस्तकातून नाही, कानाने उचललं. सीनिअर लोक जे म्हणायचे ते ऐकायचं आणि दोनशे पानी वहीत देवनागरीत लिहून ठेवायचं. डावीकडे उच्चार, उजवीकडे अर्थ. मलातोक म्हणजे हातोडा. अतव्योर्तका म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. क्ल्यूच म्हणजे पाना, आणि कुलपाची किल्लीसुद्धा. रशियन अक्षर त्या वहीत एकही नाही.

वहीची पानं आता सुटायला लागलीत, शाई फिकी पडलीय. ती कॉम्प्युटरवर उतरवायची ठरवली तेव्हा तिसरा रकाना हवा असं वाटलं: शब्द रशियनमध्ये कसा लिहितात. तिथून माझं रशियन सुरू झालं.

कॉम्प्युटरची तयारी पाच मिनिटांची आहे. सेटिंग्जमध्ये जायचं, रशियन भाषा जोडायची, मग विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबली की कीबोर्ड बदलतो. खरा प्रश्न त्यानंतरचा, लेआउट कोणता घ्यायचा? एक फोनेटिक: इंग्रजी आर दाबलं की र, के दाबलं की क. दुसरा रशियात सगळे वापरतात तो. इंग्रजीचा जसा क्वर्टी, तसा हा वरच्या ओळीतल्या पहिल्या सहा अक्षरांवरून यत्सुकेन. त्याचा इंग्रजी अक्षरांशी काही संबंध नाही. एफ आणि जे या बटणांवर बोटांना लागणारे बारीक उंचवटे असतात ना, तिथे रशियनमध्ये आ आणि ओ आहेत. सारखी लागणारी अक्षरं तर्जनीखाली.

मी दुसरा घेतला, कारण फोनेटिकमध्ये मन आधी इंग्रजी स्पेलिंग करतं आणि मग रशियन अक्षर येतं. मला मधला माणूस नको होता. पहिले पंधरा दिवस एक शब्द लिहायला अर्धा मिनिट लागायचा. लेआउट बदलायचं राहून गेलं की भलतंच उमटायचं. हे रशियन लोकांचंही होतं. प्रिव्येत, म्हणजे नमस्कार, इंग्रजी लेआउटवर टाइप केलं तर जीएचबीडीटीएन उमटतं, आणि ही अक्षरं बघून तिकडचा माणूस लगेच ओळखतो की कोणीतरी नमस्कार केलाय.

व्याकरणात मराठीने हात दिला. रशियनमध्येही तीन लिंगं आहेत, विभक्ती आहेत. पाना वापरून काम केलं हे सांगायला आपण ‘पान्याने’ म्हणतो, तसंच तेही शब्दाचा शेवट बदलतात. अवघड होतं ते वहीतल्या उच्चारावरून स्पेलिंग शोधणं. मलातोकमध्ये कानाला एकच ओ येतो, पण लिहिताना तीन ओ लागतात. ज्या ओवर जोर नाही तो आसारखा ऐकू येतो. बाबांनी कानाला जे आलं ते बरोबर लिहिलं होतं. मला तिथून उलट्या पावली जायचं होतं.

एका पानावर होतं: ‘चेख – शॉप’. मी तसं टाइप केलं, तर शब्दकोश म्हणाला, चेक प्रजासत्ताकातला माणूस. बाबांना विचारलं. ते म्हणाले, “अगं, हा चारमधला च नाही. चाकातला च.”

मराठीत दोन्हींना एकच अक्षर. कुठला च कुठे, हे आपण घरात ऐकून शिकतो, कागदावर त्याची खूण नसते. रशियनमध्ये त्यांना दोन वेगळी अक्षरं आहेत आणि कीबोर्डवर दोन वेगळी बटणं. चाकातला च टाइप केला आणि कारखान्यातलं शॉप सापडलं. उलट त्यांच्याकडे यो या अक्षरावरचे दोन ठिपके छापताना बरेचदा गाळतात. वाचणाऱ्याला माहीत असतंच, असं धरून चालतात. प्रत्येक लिपी काहीतरी बोलणाऱ्यांच्या भरवशावर सोडून देते.

म्हणूनच मी डावा रकाना मराठी इन्स्क्रिप्टवर टाइप केला. हा आपला लेआउट १९९१ पासून भारतीय मानकात आहे आणि जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आधीच असतो. आमच्या पिढीची बरीचशी मराठी रोमनमधून येते: इंग्रजीत ‘एमएएलए’ टाइप करायचं आणि फोनने दिलेलं ‘मला’ निवडायचं. चटकन होतं. पण मलातोक किंवा अतव्योर्तका लिहायला गेलात की फोन त्याला माहीत असलेले शब्द पुढे करतो. मला बाबांनी लिहिलेलं अक्षर न अक्षर तसंच हवं होतं. आता माझ्या जे या बटणावर तीन अक्षरं आहेत: इंग्रजी जे, रशियन ओ आणि मराठी र.

वहीत ४१२ शब्द आहेत. ३९५ शब्दांचं रशियन स्पेलिंग मिळालं, १७ अजून सापडलेले नाहीत. त्यातले काही मुळात रशियन होते की चाळीस वर्षांत ओझरच्या तोंडी घासून वेगळेच झाले, हे बाबांनाही आता आठवत नाही. त्या ओळींचा तिसरा रकाना मी रिकामा ठेवलाय. अंदाजाने भरायचा नाही, असं आमचं ठरलंय. रात्री जेवण झालं की बाबा त्यातला एखादा शब्द दोन-तीन तऱ्हांनी मोठ्याने म्हणून बघतात. स्पेलिंग आज ना उद्या कुठल्यातरी शब्दकोशात सापडेल, पण तो उच्चार ऐकलेला माणूस घरात एकच आहे. म्हणून गेल्या महिन्यापासून मी फोनवर त्यांचं रेकॉर्डिंग करतेय आणि फाइलमध्ये चौथा रकाना वाढवलाय: आवाज.