आवाजाची जागा

आयुष्यात स्कूटरपलीकडे मजल न गेलेल्या माणसाने स्पोर्ट्स कारविषयी लिहावे, हे वाचून काहींच्या भुवया उंचावतील. पुढे मुलाच्या मोटारीत मागच्या सीटवर बसण्याइतकी बढती आम्हाला मिळाली, एवढीच या विषयातली आमची पात्रता. तरीही वेगवान गाड्यांबद्दल बोलण्याचा थोडा वडिलोपार्जित हक्क इंदूरकरांना आहे, असे आम्ही मानतो. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची ‘एसजे’ गाडी घेतली आणि तिच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून दोन माणसांपुरता देखणा साज चढवून घेतला. केशरी आणि काळा रंग, आठ सिलिंडरांचे जवळजवळ सात लिटरचे इंजिन आणि ३२० अश्वशक्ती! आमचे आजोबा महाराजांच्या गाड्यांच्या गोष्टी रंगवून सांगत. त्यांतली कोणती त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि कोणती नुसती ऐकली, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. पण सांगताना ते गाडीचा रंग कधी सांगत नसत. तोंडाने आवाज काढून दाखवीत.

आवाजाचे हे वेड आमच्या घरात पुढच्या पिढीतही उतरले. वडील इंदूरच्या एका कापड गिरणीत फिटर होते. खात्यात शेकडो मागांचा गदारोळ चालू असताना कोणता माग बिघडण्याच्या बेतात आहे, हे ते दारातूनच ओळखीत. मोठे चिरंजीव, म्हणजे आमचे दादा, हाच कान घेऊन यंत्र अभियंता झाले, १९७० च्या दशकात जर्मनीत स्टुटगार्टला गेले आणि तिथलेच झाले. २००१ साली त्यांनी जुन्या बाजारातून एक पोर्शे ९११ घेतली. १९९६ सालची, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची. पुढे १९९८ पासून त्या गाडीची इंजिने पाण्याने थंड होऊ लागली, त्यामुळे जाणकार मंडळी या पिढीला शेवटची खरी ९११ मानतात. दादांचे बाकीचे सारे काटकसरीचे. ही एकच उधळपट्टी.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ही गाडी विकून विजेवर चालणारी चार दारांची पोर्शे टायकान घ्यावी की काय, हा प्रश्न त्या घरात वर्षभर मुक्काम ठोकून होता. कारण सरळ होते. वहिनींच्या खुब्याची शस्त्रक्रिया आदल्या वर्षी झाली होती. ९११ मध्ये बसणे म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणे, आणि उतरणे म्हणजे त्याहून कठीण. दादांचा डावा गुडघाही क्लच दाबताना कुरकुरत होता. मुले आकडे मांडून मोकळी झाली होती.

“हिशेब मलाही येतो रे,” दादा आम्हाला म्हणाले. “तू हिशेबाबाहेरचं काही असेल तर सांग.”

हिशेबातले आधी सांगितले पाहिजे, कारण तो एकतर्फी आहे. दादांच्या ९११ ची शक्ती २८५ अश्वशक्ती. स्थिर अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला तिला सुमारे साडेपाच सेकंद लागतात. टायकानच्या ४एस या प्रकाराला चार सेकंद पुरतात. पेट्रोलच्या इंजिनाला जोर चढायला फेरे वाढावे लागतात. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. बॅटरी तळाशी अंथरलेली असल्याने टायकानचा गुरुत्वमध्य ९११ हूनही खाली आहे. नेहमीच्या चालवण्यातले बहुतेक ब्रेक मोटरच लावते आणि त्यातून बॅटरीत वीज परत भरते. पाठीमागे दोन माणसे माणसांसारखी बसू शकतात. या गाडीच्या सर्वांत वेगवान प्रकारांपैकी एकाचे नाव ‘टर्बो एस’ आहे आणि तिच्यात टर्बो नावाचा भागच नाही, हे दादांनी आम्हाला तीनदा तरी सांगितले. तेवढाच त्यांचा सूड.

विजेची गाडी म्हणजे परवाचे खूळ, असे म्हणण्याचीही सोय नव्हती. मोटारीने ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ साली, आणि कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाची ती गाडी विजेवरच चालत होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तरुण फर्डिनांड पोर्शे यांनी चाकांतच मोटरी बसवलेली गाडी मांडली होती. म्हणजे पोर्शे या नावाने विजेकडे पाठ फिरवली ती मध्यंतरी. २०१९ साली टायकान आली तेव्हा घराणे आपल्या जुन्या अंगणात परतले, एवढेच.

मग उरतो काय? हे पाहायला दादांनी आम्हाला ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्याने नेले. फ्रॉयडेनश्टाटपासून बाडेन-बाडेनपर्यंत हा रस्ता दाट देवदारी झाडांतून वळणे घेत जातो. इंजिन आमच्या पाठीमागे होते. आवाज कानात येण्यापूर्वी पाठीच्या कण्यात येत होता: आधी कोरडी खरखर, मग फेरे वाढतील तसा घशातून निघावा तसा चढा सूर. दादांच्या कानांत दोन वर्षांपासून श्रवणयंत्र आहे. गाडी सुरू करताना त्यांनी ते काढून खिशात ठेवले. वाऱ्याचा आणि इंजिनाचा गोंगाट यंत्रातून सहन होत नाही, असे कारण त्यांनी सांगितले. पण पुढच्या तासाभरात हा सत्तरीचा माणूस डोळे, हात, पाय आणि पाठ यांनी गाडीचे म्हणणे ऐकत होता. वळण जवळ आले की गिअर उतरवायचा, पायाने इंजिनाचे फेरे जुळवून घ्यायचे, मग वळायचे. चूक झाली तर गाडी तत्काळ कळवीत होती. बाबा गिरणीच्या दारात उभे राहून असेच ऐकत असतील, असे आम्हाला वाटले आणि आम्ही प्रश्नाचे उत्तर मनाशी देऊन टाकले: नाही, दुसरी कोणतीही गाडी हिची जागा घेणार नाही.

चार दिवसांनी विक्रेत्याकडून एक दिवसापुरती टायकान आणली आणि त्याच रस्त्याने आम्ही तिघे निघालो. वहिनी कुणाच्या आधाराशिवाय पुढे बसल्या. आम्ही मागे. गाडी वेगात तसूभर कमी नव्हती. उलट चढावर तिने असा काही रेटा दिला की आमची टोपी मागच्या काचेला लागली. मात्र वळणांवर तिचे वजन जाणवत होते. जुनी गाडी १४०० किलोंच्या आत, ही दोन टनांच्या वर. चतुर यंत्रणा ते वजन सावरतात, पण लपवू शकत नाहीत. दादांना करायला काम थोडे होते. एक बटण दाबून त्यांनी कृत्रिम आवाज सुरू केला, दोन मिनिटे ऐकला आणि बंद केला. “हार्मोनियमवर वाघाची डरकाळी,” ते म्हणाले.

मुम्मेलसे या तळ्याच्या अलीकडे एका वळणावर वहिनी नेहमीच्या स्वरात म्हणाल्या, “अहो, गाडी घेतली त्या वर्षी आपण इथंच थांबलो होतो. आठवतं?”

“हो. पाऊस लागला होता. तुझी छत्री उलटी झाली होती,” दादा म्हणाले.

वहिनी काही क्षण काहीच बोलल्या नाहीत. मग मागे वळून आम्हाला म्हणाल्या, “भाऊजी, मी या वळणावर दर वेळी हेच विचारते. बावीस वर्षांत आज पहिल्यांदा उत्तर आलं.”

दादांच्या कानांत यंत्र होते. ते काढण्याचे त्यांना कारणच पडले नव्हते.

इथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. त्या रात्री दादा गॅरेजमध्ये जुन्या गाडीत एकटेच बसलेले आम्हाला दिसले. आम्ही शेजारी जाऊन बसलो. “नोकरी गेली, पोरं गेली, कान चालले,” ते म्हणाले. “दिवसभर मी कुणाचा तरी रुग्ण असतो नाहीतर कुणाचा तरी सेवक. हिच्यात बसलो की तासभर काही नसतो. हे त्या गाडीत होणार नाही, आणि हे तिला कसं सांगू?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही बाबांची आठवण काढली. ते निवृत्त झाल्यावरही गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावीत. १९९१ मध्ये भोंगा थांबला. शेजारच्या कित्येक घरांतल्या चुलीचा प्रश्न त्या शांततेने उभा केला. बाबांचा तसा पोटाचा प्रश्न नव्हता, तरी ते कित्येक महिने पहाटे उठून भोंग्याची वाट पाहत बसत. शांतता ही सगळ्यांनाच सुख म्हणून मिळत नाही, हे आम्ही लहानपणी नव्हे, तेव्हा शिकलो.

“आईशी बोलायला लागले ते मात्र त्यानंतरच,” दादा हळूच म्हणाले. हे आमच्या ध्यानातच नव्हते. खरे होते ते.

त्या शरद ऋतूत दादांनी ९११ विकली. हवेने थंड होणाऱ्या त्या गाड्यांचे भाव चढले आहेत आणि टायकान जुन्या बाजारात बरीच स्वस्त मिळते, त्यामुळे व्यवहार सोपा झाला. गाडी नेण्यासाठी एक तरुण मेकॅनिक आला होता. वहिनींनी फोनवर सांगितले, “तो निघाला तेव्हा यांनी कानातलं यंत्र काढलं नाही. रस्त्याच्या टोकाला गाडी वळेपर्यंत फाटकात उभे होते. मग आत येऊन म्हणाले, तिसऱ्या गिअरला घाई करतो पोरगा.”

तेव्हा विजेची आलिशान सेडान स्पोर्ट्स कारची जागा घेऊ शकते का? वेग, सोय, पैसा, प्रकृती, सगळ्या बाजूंनी घेऊ शकते, आणि आमच्या दादांच्या घरी तिने ती घेतलीही आहे. गॅरेजमध्ये आता तीच उभी असते. पण त्या जागेत पूर्वी जे होते ते तिने भरून काढले, असे दादा म्हणत नाहीत आणि आम्हीही म्हणणार नाही. तिने दुसरेच काही आणले, जे त्या घरात बावीस वर्षे मागायचे राहून गेले होते.

हल्ली दादांचा फोन पुष्कळदा गाडीतूनच येतो. पूर्वी ते अशक्य होते. आम्ही दोघे बोलत असतो आणि मध्येच वहिनी त्यांना रस्ता सांगतात, आम्हाला प्रकृती विचारतात, नातवंडांची तक्रार करतात. कधीकधी दादांचे वाक्य त्यात अर्धेच राहते. ते ते पुरे करीत नाहीत, ऐकत असतात.