ज्योतीचे परत जाणे

‘कन्यादान’ या नाटकासाठी १९९३ चा सरस्वती सन्मान स्वीकारताना विजय तेंडुलकरांनी एका गोष्टीची आठवण करून दिली होती : याच नाटकापायी त्यांच्यावर एकदा चप्पल भिरकावली गेली होती. १९८३ मध्ये नाटक रंगभूमीवर आल्यापासून जो वाद झडला तो मुख्यतः अरुण आठवले या व्यक्तिरेखेविषयीचा. दलित कवी बायकोला मारहाण करतो असे दाखवण्यामागे नाटककाराचा हेतू कोणता, हा प्रश्न विचारला गेला आणि तो विचारला जाणे रास्तच होते. परंतु या धुरळ्यात ‘कन्यादान’ ही एका प्रेमाचीही कथा आहे आणि ते प्रेम दोन भिन्न राजकीय विश्वांतून आलेल्या माणसांचे आहे, ही बाब समीक्षेत दुय्यम राहिली.

ध्येय आणि प्रेम यांची सांगड घालण्याची मराठी वाङ्मयाला जुनी हौस आहे. माडखोलकरांच्या राजकीय कादंबऱ्या काय किंवा खांडेकरांची ‘क्रौंचवध’ (१९४२) काय, नायकाचे राजकारण हेच तेथे त्याच्या आकर्षणाचे निम्मे कारण असते. सुलूचे मन दिलीपकडे ओढ घेते आणि सुस्थित डॉक्टर नवरा फिका पडतो. प्रेमिकांची मतेच परस्परविरोधी असली तर काय होते, याचा नमुना म्हणून सिडनी पोलॅक यांचा ‘द वे वुई वेअर’ (१९७३) हा अमेरिकन चित्रपट सांगितला जातो. डाव्या विचारांची केटी आणि कशातच फार न गुंतणारा लेखक हबेल. लग्न होते, मूल होते. हॉलिवुडवर कम्युनिस्टविरोधी चौकशीचे सावट पडते आणि दोघे विभक्त होतात. शेवटच्या भेटीत ती न्यूयॉर्कच्या रस्त्यावर अणुबाँबविरोधी पत्रके वाटत उभी असते. संसार मोडला, मत शाबूत राहिले. आपापल्या मतासह आपापल्या घरी जाण्याची ही सोय ज्योती देवळालीकरला नाही.

कारण कागदावर पाहू गेल्यास ज्योती आणि अरुण यांच्यात मतभेद नाहीच. जातिव्यवस्था दोघांनाही नको आहे. भेद आहे तो हे मत आले कोठून, याचा. ज्योतीला ते घरात मिळाले : वडील नाथ समाजवादी आमदार, आई सेवा सामाजिक कार्यात, भावाचे जयप्रकाश हे नावसुद्धा चळवळीतून उचललेले. अरुणला ते भुकेतून आणि अपमानातून मिळाले आहे. झोपडीत वाढलेल्या त्याला देवळालीकरांच्या घरात अवघडल्यासारखे होते. मुलीचा निश्चय ऐकताच नाथ हरखून जातो. आज आपल्या घरात जातिभेद खऱ्या अर्थाने मोडला, असे त्याला वाटते. तुझे त्याच्यावर प्रेम आहे का, या साध्या प्रश्नापाशी मात्र ज्योती अडखळते. तेंडुलकरांनीही अरुणला आठवणी दिल्या, विचार दिला नाही. दलित पँथरची स्थापना १९७२ ची. त्यानंतरच्या दशकातील कवीच्या तोंडी वेदना आणि उपहास यांपलीकडे राजकीय युक्तिवाद जवळजवळ नसावा, ही या नाटकाची मोठी उणीव होय. दलित वाचकांच्या संतापाला तिच्यात पुरेसे कारण सापडते.

भिवंडीत हे नाटक वाचले जाते तेव्हा नाथचा उत्साह पुण्यामुंबईच्या नाट्यगृहात वाटत आला असेल तितका लोभस वाटत नाही. यंत्रमागांच्या या गावात तेलंगणातून आलेले पद्मशाली, उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी, पूर्वापारचे कोकणी मुसलमान, भोवतालच्या खेड्यांतले आगरी आणि कुणबी एकाच खडखडाटात झोपतात. सूत एकाचे, माग दुसऱ्याचे, हात तिसऱ्याचे. धंद्याने एकमेकांना बांधलेल्या या माणसांनी मे १९७० ची दंगल पाहिली आणि पुन्हा १९८४ ची पाहिली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या सुरू केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. या समित्यांत दोन्ही धर्मांची माणसे पोलिसांसह नियमाने एकत्र बसत. कोणाचे मन पालटले पाहिजे अशी अट तेथे नव्हती. भांडण लहान असतानाच कानावर यावे, एवढ्यावर भागत होते. नाथचा पंथ नेमका याच्या उलट आहे. सहवासाने आणि संस्काराने माणूस आतून बदलतोच, ही गांधी-समाजवादी परंपरेतील हृदयपरिवर्तनाची श्रद्धा त्याच्या हाडीमाशी खिळली आहे. ती श्रद्धा सिद्ध करण्याचे काम तो स्वतः करत नाही, मुलीच्या अंगावर टाकतो. नाटकाच्या शीर्षकातील ‘दान’ या शब्दाचा अर्थ येथे उलगडतो.

अखेरच्या प्रवेशात गरोदर ज्योती वडिलांना जाब विचारते. अरुणच्या आत्मचरित्रावरील सभेत त्यांनी मनाविरुद्ध केलेली स्तुती तिने ओळखली आहे. या प्रवेशात ती ज्याला नाकारते तो अरुण नव्हे. ती वडिलांची शिकवण नाकारते. अरुणमधला कवी आणि मारणारा नवरा एकमेकांपासून सोडवून काढता येत नाहीत, हे तिला कळले आहे. म्हणून ती देवळालीकर हे नाव टाकून आठवले म्हणून परत जाते. या निर्णयाला समीक्षकांनी कधी शोकांतिकेची उंची दिली, कधी हट्ट ठरवले. त्यातली अडचण अधिक साधी आहे. समोरच्याला न बदलता स्वीकारायचे, हे शहाणपण भिवंडीच्या समितीला साधले, कारण हात उगारला गेलाच तर शेजारी पोलीस बसलेला होता. ज्योतीच्या निर्णयात असा तिसरा कोणीही नाही. हृदयपरिवर्तनाच्या भ्रमातून तिची सुटका होते ती केवळ मार खाण्यासाठी, आणि नाटककार या जागी तिच्या बाजूने एक शब्दही टाकत नाही.

‘कन्यादान’ रंगभूमीवर आल्याच्या पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. शाहीर अमर शेख यांची ही मुलगी कम्युनिस्ट वातावरणात वाढली; स्वतः कवयित्री; पँथरच्या संस्थापकांपैकी एक असलेले कवी नामदेव ढसाळ यांच्याशी तिचा विवाह झाला. नाटक आणि आत्मकथन यांची तुलना सावधपणेच केली पाहिजे, कारण एक रचित आहे आणि दुसरे भोगलेले. तरीही तेंडुलकरांनी गाळलेले पुष्कळ काही येथे हाताशी येते. येथे आकर्षण नाकारलेले नाही, तेही मोकळेपणाने सांगितलेले आहे. त्याच पानांतून पैशाची ओढाताण, कार्यकर्त्यांचा राबता, मारहाण आणि मूल यांचा संसार उभा राहतो. वडिलांच्या विचाराला जाब विचारण्याची गरज या लेखिकेला पडत नाही. तिचे भांडण थेट जोडीदाराशी आहे. म्हणून तिथे घर दिसते.

‘कन्यादान’मध्ये प्रवेश घडतात ते देवळालीकरांच्या घरात. अरुणची खोली प्रेक्षकाला दिसत नाही; तिचे भाडे कोण भरते, चूल कोण पेटवते, शेजारी कोण राहते, हे कळत नाही. ज्योती दाराबाहेर पडते आणि रंगमंचावर उरते ते वडिलांचे घर.