भिंतीतील कपाट आणि घराची किंमत

मापाप्रमाणे सुताराकडून करून घेतलेली, भिंतीला ठोकून बसवलेली आणि जागा बदलता न येणारी कपाटे सदनिकेची किंमत वाढवतात की नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा सुताराच्या बिलावरून शोधले जाते: एवढे पैसे घातले, तर घर विकताना त्यातले किती परत येतील? मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हा हिशेब चुकीच्या टोकाकडून सुरू होतो, कारण तेथे कपाटापेक्षा कपाटाखालची फरशी महाग असते. सात फूट रुंद आणि दोन फूट खोल कपाट चौदा चौरस फूट जागा अडवते. चटई क्षेत्राचा, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापरण्याजोग्या जागेचा दर उदाहरणादाखल चौरस फुटाला २०,००० रुपये धरला, तर त्या जागेचे २,८०,००० रुपये होतात. तेच कपाट साडेनऊ फुटांवरच्या छतापर्यंत नेले आणि दर्शनी चौरस फुटाला १,५०० रुपये मजुरी-मालासह धरले, तरी सुतारकाम लाखाच्या आसपास राहते. म्हणून खरा प्रश्न असा, की आधीच पैसे मोजलेल्या त्या फरशीचे कपाट सार्थक करते की तिची नासाडी करते.

जुन्या वाड्यांत हा प्रश्न उद्भवत नसे. तेथील माती-विटांच्या भिंती वरचा भार पेलण्यासाठी मुळातच जाड बांधाव्या लागत, आणि त्या जाडीतच दिव्यासाठी देवळी, पोथ्या-भांड्यांसाठी कोनाडे आणि लाकडी दारांची फडताळे काढली जात, त्यामुळे साठवणीला खोलीतली जागा द्यावी लागत नसे. काँक्रीटच्या चौकटीत भार खांब आणि तुळयांवर गेला, आतल्या भिंती चार-सहा इंचांच्या झाल्या आणि फडताळ भिंतीतून बाहेर पडून खोलीत येऊन उभे राहिले. मुंबईत काही काळ याला एक पळवाट होती: १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीखाली कोनाडे, फुलझाडांचे कट्टे, पोकळ्या अशा गोष्टी चटई क्षेत्र निर्देशांकात, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल हे ठरवणाऱ्या गुणोत्तरात, धरल्या जात नसत, जानेवारी २०१२ च्या दुरुस्तीने त्या मोजणीत आणल्या आणि त्याबदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्य भरून ३५ टक्क्यांपर्यंत ‘फंजिबल’, म्हणजे वाढीव, निर्देशांक दिला. तेव्हापासून कपाटाची जागा उघडपणे पैसे देऊन घेतलेली जागा आहे.

या जागेचे सार्थक दोन मापांवर अवलंबून असते. पहिले उंचीचे. बाजारातले लोखंडी कपाट साधारण साडेसहा फूट उंच असते आणि त्याच्या डोक्यावर छतापर्यंत तीन फूट पोकळी उरते, जिच्यात बॅगा आणि धूळ यांखेरीज काही राहत नाही. भिंतीतील कपाट छताला भिडवले की तेवढ्याच फरशीवर जवळजवळ दीडपट घनफळ मिळते. वर्षातून एकदा लागणारे गणपतीचे मखर, फराळाची मोठी पातेली, पाहुण्यांच्या गाद्या-रजया यांची खरी जागा तीच असते, आणि छोट्या घरात त्या वस्तू दृष्टीआड झाल्या की खोली खोलीसारखी वापरता येते.

दुसरे माप खोलीचे, आणि येथे फार मोठी चूक सर्रास होते. दोन फूट ही खोली हँगरवर टांगलेल्या कपड्यांसाठी ठरलेली आहे, कारण हँगर सतरा-अठरा इंच रुंद असतो आणि दार लागायला त्याच्या मागेपुढे मोकळीक लागते. मराठी घरातले बरेचसे कापड मात्र टांगलेले नसून घडी घातलेले असते: साड्या, धोतरे, चादरी, अभ्रे, मलमलीत गुंडाळलेली पैठणी. घडीला चौदा-पंधरा इंच पुरतात. दोन फुटी फळीवर घड्यांची मागची रांग पुढच्या रांगेआड जाते आणि तिथली साडी वर्षानुवर्षे नेसली जात नाही. सात फूट रुंद कपाटाची खोली चोवीसऐवजी सोळा इंच केली, तर साडेचार चौरस फुटांहून अधिक फरशी मोकळी होते, जिची किंमत वरच्या दराने नव्वद हजारांच्या पुढे जाते, म्हणजे सुताराचा बहुतेक खर्च तेथेच वसूल होतो. शर्ट-कोटांसाठी तीन फुटांचा एक भाग खोल आणि उरलेले कपाट उथळ ठेवणे हाच बहुतेक घरांसाठी उत्तम उपाय आहे, आणि तो फार कमी घरांत दिसतो.

बाजार या सगळ्याची दखल अर्धवट घेतो. बँकेसाठी काम करणारा मूल्यांकनकार सहसा तुलनात्मक पद्धतीने, म्हणजे त्याच परिसरातल्या अलीकडच्या व्यवहारांवरून किंमत ठरवतो, आणि मुद्रांक शुल्कासाठी वापरले जाणारे रेडी रेकनरचे दर कपाटे मोजत नाहीत. कायद्याची कसोटी अधिक सूक्ष्म आहे: मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३ नुसार भिंतीला जोडलेली वस्तू त्या वास्तूच्या कायमस्वरूपी उपभोगासाठी जोडलेली असेल तर ती जमिनीशी संलग्न मानली जाते. भिंतीत बसवलेले कपाट या वर्णनात बसण्याजोगे, तर चार स्क्रू काढून नेता येणारे त्याच्या बाहेरचे. म्हणून विक्रीच्या करारात काय राहणार आणि काय जाणार हे स्पष्ट लिहिणे आवश्यक असते. भाड्याच्या बाजारात मात्र फरक थेट दिसतो, कारण कपाटे आणि स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या असलेले घर ‘सेमी-फर्निश्ड’ म्हणून मोकळ्या घरापेक्षा जास्त भाड्याने आणि लवकर जाते. विकत घेणाराही स्वयंपाकघराला सर्वाधिक मान देतो. १९२६ मध्ये वास्तुकार मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की यांनी फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी आखलेल्या स्वयंपाकघराचा खर्च घराच्या भाड्यातच धरला होता, म्हणजे ओटा आणि कपाटे हा घराचाच भाग मानला होता, आणि तो विचार आजही पटण्याजोगा आहे. याउलट मुलांच्या खोलीतले कार्टूनच्या आकाराचे कपाट किंवा एका कुटुंबाच्या संग्रहासाठीच केलेली काचेची मांडणी नव्या मालकाच्या हिशेबात तोडण्याच्या खर्चाच्या रकान्यात जाते.

किंमत घटवणारे सर्वांत मोठे कारण मात्र ओल आहे. बाहेरच्या भिंतीला घट्ट चिकटवलेल्या कपाटाच्या पाठीला सहसा सहा मिलिमीटरचे प्लाय असते. पावसाळ्यात भिंत ओल खाते, पाठीमागे हवा खेळत नाही, प्लाय फुगते, सनमायकाच्या कडा सुटतात आणि तळाशी वाळवीची मातीची नळी दिसू लागते. घर पाहायला आलेला अनुभवी माणूस म्हणूनच आधी कपाटाचे दार उघडून आत वास घेतो, कारण त्या वासातून त्याला कपाटाची नव्हे, भिंतीची अवस्था कळते. अशा कपाटासाठी घरातली आतली भिंत निवडणे सर्वांत सुरक्षित. बाहेरचीच भिंत असेल तर पाठीमागे इंचभर पोकळी, तळाशी चार इंचांचे पाय आणि आयएस ७१० मानकाचे मरीन प्लाय यांवरचा खर्च वाचवू नये.

इमारतीचे वयही विचारात घ्यावे लागते. पुनर्विकासात सभासदाला नवे घर ठरते ते प्रामुख्याने जुन्या चटई क्षेत्रावरून, त्यातल्या कपाटांवरून नव्हे, आणि इमारत पाडताना भिंतीत बसवलेले लाकूड भंगाराच्या भावाने जाते. ज्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आहेत, तेथे सुटे भाग स्क्रूने जोडलेली, उतरवून संक्रमण काळातल्या भाड्याच्या घरात आणि तेथून नव्या घरात नेता येतील अशी कपाटे करणेच योग्य. त्यांची मापे मात्र तीन फुटांच्या तुकड्यांत ठेवावीत, म्हणजे नव्या घरातल्या वेगळ्या लांबीच्या भिंतीवरही ती बसवता येतील.