आटे आणि पाठ

एखाद्याचा स्क्रू ढिला आहे, असे आपण सहज म्हणून जातो. पण स्क्रू ज्यांच्या आधाराने धरून राहतो त्या आट्यांचा विचार कोणी फारसा करीत नाही. आम्हांला तो करावा लागला, कारण भाईंदर पूर्वेला, आमच्या इमारतीच्या आवारात, वडिलांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. एका बाजूला वसईची खाडी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे असलेल्या या गावात लोखंडाला निवांतपणा ठाऊक नाही. खारी हवा नट-बोल्टच्या फटीत शिरते, गंज धरतो. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्यामुळे नट जागच्या जागी आवळला जातो.

या गाडीचे मूळ इटालियन. फियाट ११०० डिलाइट या नावाने ती १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली आणि पुढे 'पद्मिनी' झाली. साहजिकच तिचे बोल्ट मेट्रिक. मॉरिस ऑक्सफर्डच्या कुळातील अँबॅसेडर मात्र इंचाच्या मापांची. आट्यांनाही भाषा असते, म्हणा ना. व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडात आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला. सेलर्सने १८६४ मध्ये अमेरिकेत ६० अंश सुचवला. ८ मिलिमीटरचा बोल्ट आणि पाच-सोळांश इंचाचा बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. जाडीतले अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. परंतु दोन आट्यांमधील अंतर वेगळे. त्यामुळे परका नट दोन फेरे गोडीगुलाबीने बसतो, नंतर अडतो. आणि पाना लांब असेल तर आटे खाऊन बसतोसुद्धा.

साफ करण्याची रीत साधी, पण सबुरीची आहे. प्रथम तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे स्वच्छ करायचे, मग गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबायचे. दुसऱ्या दिवशी बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्यायचे. सोडवण्यापूर्वी किंचित आवळायचे, म्हणजे गंजाची पकड मोडते. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे. सुटलेला बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून, पुसून, आट्यांच्या मापपट्टीने पडताळायचा. परत बसवताना तेलाचा पातळ हात द्यायचा. मात्र तेल लावलेला बोल्ट कोरड्याच्या हिशेबाने आवळला तर अधिक ताणला जातो, हे ध्यानात ठेवावे लागते.

खरा प्रश्न भोकातल्या आट्यांचा. तिथे टॅप फिरवण्याचा मोह सगळ्यांना होतो. टॅप हे कापणारे हत्यार. तो मळ काढतो आणि मळाबरोबर थोडे निरोगी लोखंडही नेतो. केवळ साफ करणारे वेगळे हत्यार असते. ते कापत नाही, वाकलेला आटा जागेवर आणते. ही बाब वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आम्हांला वारंवार आठवते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांनी लेखकांच्या हातून साचलेला मळ काढला, आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असेही बजावले. भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी महाभारताच्या प्रतींवर घेतलेले कष्टही याच जातीचे. दुरुस्तीच्या नावाखाली कापत सुटणारा संपादक पुढच्या वाचकाला सैल ग्रंथ देतो.

आमचा धाकटा भाऊ व्यवहारी आहे. त्याने सुचवले, "दादा, सगळे स्टेनलेसचे टाक ना! भाईंदरात स्टीलला काय तोटा?" पण ॲल्युमिनियमच्या भागात स्टेनलेसचा बोल्ट बसवला तर खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच झिजते, शिवाय स्टेनलेसचे आटे कोरडे आवळले तर एकमेकांना चिकटून बसतात. आणि आणखी एक कारण होते. वडील नट आवळल्यावर त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देत. ते ठिपके अजून शाबूत आहेत. त्यांचे अक्षर घरात फारसे उरलेले नाही. हे ठिपके मात्र आहेत.

तरी वडीलही एक प्रतिलिपिकारच होते. सायलेन्सरच्या पट्टीत त्यांनी इंचाचा एक बोल्ट दामटून बसवलेला सापडला. बहुधा रस्त्यात अडल्यावर मिळाला तो घेतला असेल. तो प्रक्षिप्त म्हणून काढावा, की त्या दिवसाची साक्ष म्हणून ठेवावा? आम्ही असे ठरवले: ब्रेक आणि स्टिअरिंगला जिथे जीव टांगलेला असतो तिथे माया नको, योग्य ताकदीचे नवे बोल्ट घातले. उरलेले स्वच्छ करून, ज्याचे त्याच जागी. इंचाचा तो बोल्टही ठेवला, कारण पट्टी धरून ठेवण्याचे काम तो अजून चोख करतो. फक्त डब्यात चिठ्ठी लिहून ठेवली, की पुढच्याने मेट्रिक पाना लावू नये.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली. खाजगी गाड्या आहेत, पण त्या उघडता येणारे हात विरळ होत आहेत. अशा वेळी नट किती घट्ट बसला यापेक्षा तो पुढच्या माणसाला सोडवता येईल का, हे पाहणे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. टीपा लिहिणाऱ्यांनीही एवढे पाहावे.