नकाशावरील टिंब

माझी थोरली बहीण श्रीवर्धनला असते. २ जून २०२० च्या रात्री तिने दूरध्वनीवरून विचारले, "अरे, शेजारच्या पक्क्या घरात जाऊन निजू का?" मी नकाशा उघडूनच बसलो होतो. 'निसर्ग' वादळाचे टिंब अलिबागकडे निघालेले. श्रीवर्धन तेथून दक्षिणेस साठेक किलोमीटर. मी शहाणपणाने सांगितले, "ताई, ते तुझ्याकडे येत नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या घराची कौले उडाली, देवघराचे दार मोडून पडले आणि भावोजींनी स्वतःच्या हाताने लावलेली पोफळीची बाग आडवी झाली. ताईने मला बोल लावला नाही. तेच मला अधिक लागले.

तेव्हापासून मी वादळांविषयी वाचू लागलो. टिंब म्हणजे केवळ वादळाचा डोळा; प्रबळ वादळाच्या डोळ्यात तर वारा जवळजवळ पडलेलाच असतो. भोवतीच्या ढगांच्या भिंतीत तो सर्वांत उग्र, आणि तेथून बाहेर ओसरत जातो. परंतु किती झपाट्याने, हा प्रत्येक वादळाचा हिशेब निराळा. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर उद्ध्वस्त करणाऱ्या 'ट्रेसी'चे सोसाट्याचे वारे केंद्रापासून जेमतेम ५० किलोमीटर पोचत होते. १९७९ साली पॅसिफिक महासागरात उठलेल्या 'टिप'चे सुमारे ११०० किलोमीटर! केंद्र पणजीस कल्पिले, तर पहिले काणकोणही गाठत नाहीत आणि दुसरे इंदूर ओलांडून जातात. शिवाय वादळाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. आपल्या गोलार्धात त्याच्या उजव्या अंगाच्या वाऱ्याला त्याची स्वतःची चालही येऊन मिळते. 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले तेव्हा मुंबई डाव्या हाताला राहिली, श्रीवर्धन उजव्या. हे मला आधी ठाऊक असते तर! असो.

१५ मे २०२१ च्या रात्री 'तौक्ते' उत्तरेकडे चालले होते. गोव्याच्या किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, भर समुद्रातून. शेजारी निर्धास्त होते. पण सारा गोवा त्याच्या उजव्या अंगास येत होता. या खेपेस मी टिंबावर विसंबलो नाही. मुलांना मागच्या खोलीतून उठवून ओसरीलगतच्या खोलीत निजविले. सकाळी परसातला जुना फणस त्या मागच्या खोलीच्या छपरावर कोसळला.

ताईला कळविले. क्षणभर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "लाकूड फुकट घालवू नकोस हो. इकडे देवघराचे दार अजून व्हायचे आहे."