तिचा मोकळा हात

कलाकृती पाहण्याचे शिक्षण माणसाला कोण देते? ग्रंथ देतात, गुरुजन देतात. आणि कधी कापूस वेचून दमलेली एखादी माउलीही देते. आमच्या बाबतीत तरी असेच घडले.

पुण्यात धर्मगुरुपदाचे शिक्षण घेत असताना आम्ही आंजेलो द फोन्सेका यांच्या चित्रांच्या प्रती प्रथम पाहिल्या. गोव्यात १९०२ साली जन्मलेले हे चित्रकार अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि त्यांनी मारियामातेला साडी नेसवली. स्वतःच्या गोव्यातच त्यांच्यावर टीका झाली. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. १९६७ साली ते निवर्तले.

‘ही आपली मारिया नव्हे,’ असे आम्हीही तेव्हा म्हणालो. आमच्या घरच्या तसबिरीतली मारिया गोरीपान, निळ्या झग्यातली. परंतु ती तरी नाझरेथची कुठे होती? इटलीच्या चित्रकारांनी तिला इटलीचा पेहराव दिला, फ्लँडर्सच्या चित्रकारांनी फ्लँडर्सचा. १५८० साली येशूसंघीय धर्मगुरू अकबराच्या दरबारी मारियेचे चित्र घेऊन गेले. पुढे मोगल चितारीही तिला आपल्या शैलीत रंगवू लागले. हे उमगले आणि आम्ही फोन्सेकांचे चाहते झालो. मात्र नव्या भक्ताचा हट्टही अंगी आला. जे परदेशी ते परके, असे आम्ही मानू लागलो.

पुढे आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका धर्मग्रामात आलो. चर्चच्या ओसरीत मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’ची जुनी तसबीर होती. मूळ संगमरवरी शिल्प व्हॅटिकनच्या संत पेत्राच्या महामंदिरात आहे. ते १४९९ च्या सुमारास पूर्ण झाले, तेव्हा शिल्पकार जेमतेम चोवीस वर्षांचा होता. क्रुसावरून उतरवलेला पुत्र मातेच्या मांडीवर आहे. उजव्या हाताने तिने त्याला सावरले आहे, डावा हात मोकळा, उताणा.

एका संध्याकाळी आम्ही ती तसबीर उतरवू लागलो. पायरीवर एक बाई बसल्या होत्या. त्यांचा तरुण मुलगा आदल्या वर्षी कर्जापायी जीव देऊन गेला होता. त्या उठून जवळ आल्या.

“राहू द्या फादर तिले. एका हातानं लेकरू धरलं तिनं, दुसऱ्या हातात काईच नाई. माह्यं बी असंच झालं.”

आम्ही तसबीर पुन्हा खिळ्यावर अडकवली. फोन्सेकांच्या साडीतल्या मारियेची प्रत तिच्या शेजारी लावली. दोघी आजही तेथे आहेत.

त्या शिल्पाविषयी आम्ही पुष्कळ वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. तो हात मोकळा आहे, हे आम्हांस ठाऊक होते. तो रिकामा आहे, हे मात्र त्या संध्याकाळी कळले.