गाव दाखवणारा गावातच राहतो

बुलढाणा जिल्ह्याला पाहुण्यांचा तुटवडा नाही, तुटवडा आहे तो मुक्कामाचा. शेगावला माणूस सकाळच्या गाडीने उतरतो, गजानन महाराजांचं दर्शन घेतो, महाप्रसाद घेतो, कचोरीचा पुडा बांधून घेतो आणि संध्याकाळची गाडी धरतो. लोणारला तो काठावर उभा राहून फोटो काढतो आणि ‘खाली उतरायला किती वेळ लागतो?’ असं विचारून न उतरताच परततो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला, तेव्हा मेहकर आणि सिंदखेडराजा जवळ आले. आता ते तितक्याच झपाट्याने मागेही पडतात.

अशा जिल्ह्यात स्थानिक माणसांच्या सोबतीने गावफेऱ्या आखणं हा माझा व्यवसाय. एक विषय, एक गाव, आठ-दहा पाहुणे, दोन-अडीच तासांची पायपीट आणि बोलायला त्याच गल्लीत हयात गेलेला माणूस. या धंद्यात उतरू पाहणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात तो माहितीचा: ‘सर, इतिहास कुठून वाचायचा?’ वाचावा लागतोच. पण स्थानिक वाटाड्याचं खरं भांडवल वेगळं आहे. पाहुणा संध्याकाळी निघून जातो. हा दुसऱ्या दिवशी त्याच चौकात चहा प्यायला येतो. तो जे बोलला त्याचा जाब गाव त्याला विचारू शकतं. माझ्या मते सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा राहतो किंवा पडतो.

पहिली फेरी आखायला मी लोणार किंवा शेगाव सुचवत नाही, खामगाव सुचवतो. तिथे पाहण्यासारखं काही ‘ठिकाण’ नाही, असं खामगावकरच सांगतात. पण तिथे एक सलग गोष्ट आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला, पण तो जलंबवरून गेला. खामगाव बाजूला राहिलं. एवढ्या मोठ्या कापूसबाजारासाठी मग जलंब ते खामगाव हा तेराएक किलोमीटरचा फाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्‌घाटनाला आला. त्या काळी खामगाव बुलढाणा जिल्ह्यात नव्हतंच. अकोल्यातून ते १९०५ मध्ये इकडे जोडलं गेलं. फाट्याच्या स्टेशनाबाहेर उभं राहून एवढं सांगितलं की पाहुण्याला रुळांची ती आखूड जोडी वेगळी दिसू लागते.

मात्र ही माहिती मी सांगितली तर ते व्याख्यान होतं. फेरी होते ती बाजारात, हमालीत केस पांढरे झालेला माणूस बोलायला लागतो तेव्हा. असा माणूस सुरुवातीला हमखास म्हणतो, ‘आमच्यापाशी काय हाये सांगाले? गठाणी उचलल्या, बस.’ त्याला भाषण करायला सांगू नये. त्याला गठाणीजवळ उभं करावं आणि विचारावं, ‘ही कशी धरायची?’ मग हूक कुठे अडकवायचा, पाठीवर भार कसा घ्यायचा, ओला कापूस हाताला कसा लागतो, हर्रासाच्या वेळी शेतकरी कोणाच्या तोंडाकडे पाहतो, हे आपसूक येतं. सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगचा आवाज, रुईची कानानाकात जाणारी तूस, बंड्यांच्या रांगा लागायच्या त्या रात्री, हे त्याच्याकडेच असतं. पुस्तकात बाजाराची उलाढाल मिळते. भाव पडला त्या दिवशी कोणाच्या घरचं लग्न पुढे गेलं, हे त्याला ठाऊक असतं आणि त्यातलं किती बोलायचं, हेही.

त्यानंतर चांदी. खामगावला रजतनगरी म्हणतात ते इथल्या चोख चांदीच्या नावलौकिकामुळे. कपाशीचा पैसा हाती आला की शेतकऱ्याच्या घरात तोडे, जोडवी, देवाची भांडी यायची. कापूसबाजारातून सराफ्यात जाताना पाहुण्याच्या लक्षात येतं की पैशाने जी वाट धरली होती तिच्यावरूनच आपणही चाललो आहोत. तिथे कारागिराने मूस, भट्टी, ठसा दाखवावा आणि दुकानदाराने विक्रीचं नाव काढू नये, अशी आमची अट असते. ज्याला घ्यायचं तो फेरी संपल्यावर स्वतःच्या पायाने परत येतो.

सांगणारा निवडताना मी फार सफाईने बोलणाऱ्याला जरा लांब ठेवतो. त्याच्याकडे सगळ्याची उत्तरं असतात. लोणारचंच पहा. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेलं, १९७० च्या दशकातल्या संशोधनाने ते पक्कं ठरलं, नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत नाव आलं, हे कोणीही पाठ करू शकतो. विवराचं वय विचारलं की मात्र खरा वाटाड्या कळतो. एका मोजणीने ते पन्नास हजार वर्षांच्या आसपास येतं, दुसरीने साडेपाच लाखांच्या वर. जो दोन्ही आकडे सांगून ‘अजून वाद आहे’ म्हणतो त्याला मी घेतो. शिवाय गावातल्या जुन्या माणसांकडे जे असतं ते वेगळंच. सरोवराच्या क्षारांचे डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी असे प्रकार होते, ते साबणाला, काचेला, पापडाला जात, हा एक आख्खा बुडालेला धंदा आहे. तो ऐकला की ‘खारं पाणी’ या दोन शब्दांवर बोळवण होत नाही. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभर बातमी झाली. पुण्याच्या आघारकर संस्थेने ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं काम असल्याचं दाखवलं. धार या झऱ्यावर नेमाने जाणाऱ्या माणसाला मात्र त्या वर्षाच्या अलीकडचं-पलीकडचं पाणीही आठवतं. कमळजा देवीच्या देवळापर्यंत ते कधी आलं आणि कधी मागे हटलं, याची त्याच्याकडे नोंद असते.

दंतकथांचं काय करायचं, हा नेहमीचा पेच. लोणारला लवणासुराची कथा आहे आणि दैत्यसूदनाचं देखणं देऊळ त्याच कथेवर उभं आहे. मेहकरला कंचनीचा महाल आहे. यातलं काही गाळू नये. फक्त सांगणाऱ्याने बोलताना सांधा दाखवावा: हे दगडात आहे, हे कागदात आहे, हे लोक म्हणतात. पाहुण्याला तिन्ही आवडतात. मिसळून दिलं तरच फसवल्यासारखं वाटतं. सिंदखेडराजाला तर इतिहासच ताजा होत असतो. जिजाऊंचं हे जन्मगाव. लखुजीराव जाधवांची भव्य समाधी इथे आहे. तिच्या परिसरात जतनाचं काम चालू असताना जून २०२४ मध्ये जमिनीखालून शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. पाठ केलेलं भाषण त्या दिवशी शिळं झालं. रोज तिथून जाणाऱ्या वाटाड्याला मात्र सांगायला नवी गोष्ट मिळाली.

आता पैशाचं. फीचा सगळ्यात मोठा वाटा सांगणाऱ्याचा, मग चहा-फराळ करणाऱ्या घराचा, मग आखणाऱ्याचा. हा क्रम उलटा केला की चांगला माणूस दुसऱ्या हंगामात येत नाही. दुकानाकडून कमिशन घ्यायचं नाही. ते एकदा घेतलं की फेरीचा रस्ता दुकानच ठरवतं. कागदपत्रं फार नाहीत: उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते, केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा पर्यटक साहाय्यकांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, आणि महिलांसाठी राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ धोरणात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा आहे. पण कर्ज काढून सुरू करण्यासारखा हा धंदाच नाही. पहिल्या वर्षी लागतात ते पाय आणि ओळखी.

याची उदाहरणं जगात आहेत. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून रहिवासीच पाहुण्यांना आपली वस्ती हिंडवून दाखवतात, तीही फुकट. दिल्लीच्या पहाडगंजात सलाम बालक ट्रस्टच्या फेऱ्या रस्त्यावर वाढलेली मुलंच नेतात. मुंबईत धारावीच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा ‘गरिबी विकता’ म्हणून टीका झाली; त्या चालवणाऱ्यांनी फोटोंना बंदी घातली आणि नफ्याचा ८० टक्के भाग वस्तीतल्या कामाकडे वळवला. वाद मिटला असं नाही. पण कॅमेरा खिशात ठेवा, असं सांगायची हिंमत पाहुण्याकडून पैसे घेणाऱ्याने दाखवली, एवढं तरी आपण उचलावं.

आपल्याकडे या हिमतीची कसोटी सैलानी बाबांच्या दर्ग्यावर लागते. होळीच्या सुमाराची तिथली यात्रा मोठी, नारळांची होळी प्रसिद्ध. मनाने आजारी माणसांना घेऊन त्यांचे नातलग तिथे वर्षभर येतात. ‘ते दाखवाल का?’ अशी विचारणा होते, चांगले पैसे देऊन होते. आम्ही दाखवत नाही. ज्याला स्वतःचं दुखणं लोकांनी पाहावं की नाही हे सांगता येत नाही, तो फेरीचा विषय होऊ शकत नाही. भेंडवळची घटमांडणी मात्र मी दाखवतो. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या त्या शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या पहाटे वाघ घराण्यातली माणसं पीक-पावसाचं भाकीत सांगतात. ते सगळ्यांसमोर असतं, हजारो शेतकरी ऐकायला येतात. त्यामागे शास्त्र नाही, हेही मी तिथेच सांगतो. भाकीत ऐकून हसणारा शेतकरी आणि डोकं हलवणारा शेतकरी शेजारी शेजारी उभे असतात. पाहायचं ते दोघांना, कारण खारपाणपट्ट्यात कोरडवाहू पेरणी करणाऱ्याला अंदाजाची भूक का असते, हे तिथे समजतं.

आमच्याकडे माणसं आपली ओळख घाटावरचे आणि घाटाखालचे अशी देतात. फेऱ्यांचं कॅलेंडरही तसंच पडतं. दसऱ्यानंतर घाटाखाली कपाशीचा पहिला वेचा, शेतात सीतादहीची पूजा. खामगावला कोजागरीपासून मोठ्या देवीचा शांती उत्सव. मग दिवाळीपासून बाजार भरात. जानेवारीत घाटावर सिंदखेडराजा, १२ तारखेला जिजाऊ जन्मोत्सवाची गर्दी, म्हणून फेरी त्याच्या आधी किंवा नंतर. उन्हाळ्यात पहाटेच काय ते चालायचं.

चिखलीत, मलकापुरात, देऊळगावराजात हा लेख वाचून कोणाला हुरूप आला तर एकच सांगणं. पहिली फेरी बाहेरच्या पाहुण्यांसाठी काढू नका. गावच्याच माणसांना बोलवा, त्यातही खोड काढणाऱ्यांना आधी. मधेच कोणीतरी थांबवेल, ‘असं नव्हतं ते, माझा बाप तिथे होता.’ त्याचं नाव-गाव लिहून घ्या. तो तुमचा पुढचा वाटाड्या आहे. आणि जी गोष्ट गावच्या लोकांसमोर बोलायला जीभ अडखळली, ती मुंबई-पुण्याच्या पाहुण्यापुढेही बोलू नका. एवढं पाळलं की दर, जाहिरात, वेबसाइट हे प्रश्न उरतात, आणि ते कष्टाने सुटणारे आहेत.